बारा वाजताची सुई

"माझ्या पर्समधलं इंजेक्शन कोणी काढलं?"

सासूबाई पुऱ्यांचं पीठ मळत होत्या. बाहेरच्या खोलीत माझ्या नणंदेचं, योगिनीचं, डोहाळजेवण रंगात आलं होतं.

"मी काढलं," त्या म्हणाल्या. "घरात शुभकार्य आहे. सुया आणि रक्त आज नको. उद्या दोन घे हवं तर."

उद्या दोन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कल्याणच्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. पण माझी तीन मुलं पोटातच गेली, तरी माझं रक्त तपासावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, होतं असं. दुसऱ्यांदा म्हणाले, धावपळ कमी करा. तिसऱ्यांदा सासूबाईंनी खडवलीहून मंतरलेला दोरा आणला. मी तो निमूटपणे बांधून घेतला, याचा मला अजून स्वतःवरच संताप येतो.

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं आणि खात्रीसाठी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासलं. याच तपासणीच्या रक्ताच्या नळ्यांवर मी कितीतरी बायकांची नावं चिकटवली होती. माझी रोगप्रतिकारशक्ती घरच्यांवरच भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी बिथरली होती. त्यामुळे बाळाला पोसणाऱ्या वारेत रक्ताच्या गुठळ्या होत आणि बाळाला काही पोचत नसे. उपाय काय, तर एक छोटी गोळी आणि रोज दुपारी बाराला पोटात एक सुई. आता चौथ्या खेपेला मला दहावा आठवडा लागला होता.

"आई, एक दिवसपण चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलेलं."

"एक दिवस नाही घेतलं तर काय मरतंय?"

"मरतं!" मी ओरडले. बाहेरची गाणी थांबली. "तीन मेलीत माझी!"

माझा नवरा मितेश धावत आला. "कल्पिता, हळू ना! पाहुणे बसलेत."

"तू गप रे! तीन वेळा हळूच रडले ना मी? कोणाला ऐकू गेलं?"

सासूबाई पुटपुटल्या, "तांदळाच्या डब्यात ठेवलंय."

मी डब्यात हात घालून खोकं काढलं, हात धुतले आणि सरळ बाहेर गेले. तीन मुलं गेलेली, म्हणून ओटी भरणाऱ्या बायकांत मला आज जागा नव्हती. 'तू आतलं बघ,' एवढंच सासूबाईंनी सकाळी सांगितलं होतं. मी फुलांनी सजलेल्या योगिनीच्या शेजारी बसले आणि पदर बाजूला केला. पोटभर काळेनिळे डाग होते. सुईसाठी मोकळी जागा शोधावी लागली.

मी सुई टोचली, औषध सावकाश आत सोडलं आणि कापूस दाबून धरला.

"वहिनी, दुखतं?" योगिनीने विचारलं.

"हो. रोज."

तिने स्वतःचा पदर माझ्यापुढे पसरला. "माझी ओटी भर."

दोघीतिघी दाराकडे बघायला लागल्या. सासूबाई तिथे पिठाच्या हातांनी उभ्या होत्या. त्यांची नजर माझ्या पोटावरून हलत नव्हती. मी ताटातला नारळ उचलला, ओंजळभर तांदूळ घेतले आणि योगिनीची ओटी भरली. राग अजून तसाच होता. माझा पदर अजून बाजूलाच होता, आणि मी तो सावरला नाही.