घारीच्या पिल्लावरची सावली

दोन हजार चोवीस साली एप्रिलातच भांडुपच्या त्या चाळीच्या गच्चीवर पाय ठेववेना. शेवंतीने मुंबईतले कितीतरी उन्हाळे पाहिले होते, पण हवा अशी पाण्यासारखी हलताना कधी पाहिली नव्हती. लांबचे डोंगरसुद्धा तरंगत होते.

आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला घेतलेल्या सुक्या बोंबलांना ऊन दाखवायला ती वर आली, तर टाकीजवळ घारीचं पिल्लू. पिसं फुटलेली, पण उडता येत नव्हतं. बाजूच्या माडावरच्या घरट्यात होरपळून त्याने खाली उडी टाकली असावी. चोच उघडी, डोळे मिटत आलेले.

तिच्या नातीने, निधीने, पक्षी वाचवणाऱ्यांना फोन लावला.

"आजी, त्यांच्याकडे उन्हाने पडलेल्या पिल्लांची रांग लागलीय. संध्याकाळी येतील. तोवर सावली करा, चोचीत पाणी ओतू नका, लांब राहा म्हणाले. त्याची आई येऊन भरवते."

शेवंतीने आपलं जुनं तांबडं लुगडं आणून टाकीपासून कठड्यापर्यंत बांधलं. खाली तांबूस सावली पडली. दोघी जिन्याच्या दारात बसल्या. मागून शेवंतीचा नवरा दशरथ धापा टाकत आला.

"वर्सानुवर्सां घारींक हाकललंस, आता त्येंच्या पोराक लुगडां नेसवतंस?"

"गप रवा हो."

घार आली. तिची सावली गच्चीवरून सरकत गेली, जणू कुणी झोपेत कूस बदलावी. ती खाली उतरू लागली आणि लुगड्यापाशी येताच गर्रकन वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. पिल्लाची मान कलली.

"का गं येत नाही ही?" निधी रडकुंडीला आली.

वाऱ्याने लुगडं फुगलं, आणि शेवंतीला आपलाच हात दिसला. दर आगोटीला याच गच्चीवर हेच लुगडं फिरवत बोंबील राखणारा.

"निधी, सोड ती गाठ! मला भितेय ती."

"आणि ऊन?"

दशरथ खाली गेला आणि माडाची गळून पडलेली झावळ ओढत घेऊन आला. टाकीला टेकवताच पिल्लू तिच्या आडोशाला सरकलं. मग शेवंतीने वर्षभर जपायचे बोंबील गच्चीवर पसरले आणि राखण न करता दार लोटून घेतलं. फटीतून तिघं बघत राहिली.

सावली फिरत फिरत मोठी झाली. पंख मिटल्याचा आवाज आला. घारीने बोंबील उचलला आणि झावळीखाली शिरली.

संध्याकाळी आलेल्या माणसांनी पिल्लू आईपाशीच राहू दिलं. पावसाआधी ते उडालं.

दशरथ पुढच्या वर्षी गेला. शेवटच्या आजारपणात खाटेवरून त्याला माडाचा शेंडा दिसायचा. निधी आता विक्रोळीला नोकरी करते आणि ऊन वाढलं की आजीला फोन करून माडाची खबर घेते. लुगड्याची गोधडी झाली. शेवंती अजूनही बोंबलांना ऊन दाखवते. दरवर्षी थोडे जास्तच घेते, आणि वर सावली फिरू लागली की दार लोटून खाली येते.