शिवलेला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. माझा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे, म्हणजे आता माझ्यावर कुणालाही प्रवास करता येत नाही. माझ्या छत्तीस पानांवर परक्या देशात उतरल्याचा शिक्का एकच. पण तो मिळवताना जी धांदल उडाली, ती ऐकलीत तर तुम्हीही हसाल.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. पानं छापली, प्रत्येक पानाला बारीक भोकांनी नंबर टोचला, मधोमध शिवण घातली आणि वर जाड आवरण चढवलं. मग माझ्यात एका बाईंचा फोटो आला. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. फोटोवाला तीनदा म्हणाला, "बाई, तोंड मिटा." चौथ्यांदा त्यांनी तोंड मिटलं, पण डोळे काही ऐकेनात.

त्या बाईंना मी आजी म्हणेन, जरी तेव्हा त्या आजी झाल्या नव्हत्या. त्यांचे यजमान पुस्तकं बांधायचे. त्यांची एकुलती एक लेक कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावर परिचारिका होती. तिच्याकडे जायचं म्हणून दोघांनी पासपोर्ट काढले. पण आधी एका ग्रंथालयाचं मोठं काम आलं, मग आजोबांचा गुडघा धरला, मग छत गळायला लागलं. "जाऊ की सवडीने," असं म्हणता म्हणता नऊ वर्षं मी कपाटात चादरींखाली पडून राहिलो. ओल लागून माझ्या शिवणीचा दोरा कुजला.

एके दिवशी लेकीचा फोन आला. तिला महिन्याभरात बाळ होणार होतं.

"आई, तू हवीस मला. व्हिसा आधी काढावा लागत नाही, इथे उतरल्यावर शिक्का मिळतो. पण पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट, माझा पत्ता आणि लसीचा दाखला जवळ ठेव. विमानात एक फॉर्म देतील, तो भर."

"लेकीकडे यायला एवढे कागद?" आजी म्हणाल्या. "तुझ्या लग्नाला सुद्धा एवढे लागले नव्हते!"

आजोबांनी मला बाहेर काढलं. मुदत आठ महिने होती. पण मधली पानं सुटून त्यांच्या हातात आली. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवलेला माणूस तो. त्यांनी दोऱ्याला मेण लावलं आणि दुपारभर बसून मला शिवलं.

"माझ्या पिशवीचा बंद सहा महिने तुटलाय, तो नाही दिसत!" आजी म्हणाल्या. पण शेजारणीला मात्र माझी शिवण कौतुकाने दाखवून आल्या.

निघताना विमानतळावर कुणी शिवणीकडे पाहिलं नाही. बेटावरच्या खिडकीत मात्र चष्मेवाल्या अधिकारीबाई होत्या. त्यांची भाषा परकी. आजोबांना ती बरी यायची, कारण त्या भाषेतली पुस्तकं बांधताना ते वाचतही असत. आजींना लेकीने फोनवर शिकवलेली मोजकी वाक्यं. ते बोलणं मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

"ही शिवण कुणी बदलली?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. असाच मिळाला," आजी म्हणाल्या.

आजोबांना शिक्का मिळाला होता आणि ते पिवळ्या रेघेपलीकडे उभे होते. पण त्यांना राहवलं नाही.

"असाच? छापखान्याची शिवण इतकी सरळ असते का कधी?"

"अहो, गप्प बसा ना!"

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. "शिवण उघडलेला पासपोर्ट म्हणजे पानं बदलल्याचा संशय. यांना याच विमानाने परत जावं लागेल. ते तासाभरात सुटेल."

आजींचं तोंड उतरलं. लेकीला त्याच सकाळी दवाखान्यात दाखल केलं होतं. जावई बाहेर वाट बघत होता.

"मला कशाला? यांना पाठवा परत. शिवलंय यांनी!" आजी म्हणाल्या आणि त्यांना रडूच आलं.

आजोबा रेघ ओलांडून परत आले. "चूक माझी आहे. ती खोटं बोलली, तेही मला सांभाळायला. पण तुम्ही पानं मोजा. प्रत्येकावर टोचलेला नंबर आहे. मी जुन्याच भोकांतून दोरा घातलाय, नवं एकही भोक नाही."

अधिकारीबाईंनी मला दिव्याखाली धरलं. भिंग घेऊन एकेक पान मोजलं, मला यंत्रात घातलं आणि वरिष्ठांना फोन केला. अर्धा तास गेला. मला वाटलं, माझ्यामुळे या बाई लेकीच्या दारातून परत जाणार.

शेवटी त्या म्हणाल्या, "पानं सगळी जागेवर आहेत. घरी गेल्यावर पहिल्यांदा नवा पासपोर्ट काढा." मग त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "येण्याचं कारण इथे लिहिलेलं नाही. कशासाठी आलात?"

आजींनी डोळे पुसले, आठवून आठवून शब्द जुळवले. "आजी व्हायला."

अधिकारीबाई खळखळून हसल्या आणि माझ्या पानावर शिक्का उमटला. दुसऱ्या दिवशी दुपारी नात झाली, तेव्हा तिला पहिलं आजींनीच घेतलं.

घरी परतल्यावर माझा कोपरा कापला गेला. मला वाईट नाही वाटलं. नव्या पासपोर्टवर आजी आणखी दोनदा जाऊन आल्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. आजोबा अधूनमधून मला हातात घेऊन बसतात. परवा फोनवर लेकीला म्हणाले, "त्या नऊ वर्षांत यायला हवं होतं गं आम्ही. तिची फार इच्छा होती."

मित्रांनो, पासपोर्ट कोरड्या जागी ठेवा. पान सुटलं तर घरी सुईदोरा काढू नका, सरळ कार्यालयात न्या. पण नुसतं जपून ठेवू नका. तुमची कुणी वाट बघत असेल, तर सवडीची वाट बघू नका. त्यांना आजच विचारा, "कधी येऊ?"