बांधापासून अकरा फूट

टेपचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं दयानंदच्या हातात, शिवकन्याबाईंच्या ओट्यापाशी. ओट्यावर बावीस डबे उघडे मांडलेले होते, कोचिंगच्या पोरांचे. बाई त्यात वरण ओतत होत्या आणि टेपकडे बघायचं टाळत होत्या.

"साहेब, परत मोजलं," दयानंद म्हणाला. तो सरकारी मोजणीदार, माणूस सरळ. "अकरा फूट. सगळं किचन रस्त्यात जाऊन राहिलं."

मी आणखी एकदा मोजायला सांगितलं. आकडा काही मला भिऊन कमी होणार नव्हता, पण सांगितलं.

मी नगररचना कार्यालयात आरेखक. चौतीस वर्षं लातूर कागदावर वाढवलं, आणि बाहेर ते आमच्या कागदाला न विचारता वाढत गेलं. आमचा रस्ता आखून होईतो लोक घर बांधून वास्तुशांतही उरकतात. पूर्वी याचा राग यायचा, आता नुसता कंटाळा येतो. पण रस्ता हवाच होता. या वस्तीत पाण्याचा टँकर वळत नाही, ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच थांबते. रस्त्याच्या अर्जावर शिवकन्याबाईंचीही सही आहे.

घोळ बांधाचा होता. मंजूर नकाशात रस्ता महादेवप्पांच्या शेतातून, हद्दीला अगदी लागून जातो. अलीकडचं शेत श्रीमंतचं. श्रीमंतच्या वडिलांनी दर वर्षी नांगरताना तो बांध थोडा थोडा कोरला. चाळीस वर्षांत बांध अकरा फूट महादेवप्पांकडे सरकला. पुढे श्रीमंतने प्लॉट पाडले, ते हद्दीच्या दगडापासून नाही, त्या सरकलेल्या बांधापासून मोजून. त्यातला शेवटचा प्लॉट बाईंनी बाँडवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या स्टँपपेपरवर, घेतला.

"साहेब," डब्याचं झाकण लावत बाई म्हणाल्या, "मी आले हुते की तुमच्याकडं. नऊ वर्षं झाली. तुमीच नकाशा बघून सांगितलं, श्रीमंतच्या शेतात रस्ता न्हाई म्हणून."

मला आठवत होतं. खरं तर दारात आल्यापासून आठवत होतं, आणि त्यांना आठवू नये असं वाटत होतं. नवरा नुकताच गेलेला, हातात प्लॉटमधून रस्ता जात नसल्याच्या दाखल्याचा अर्ज, अशा त्या टेबलापाशी उभ्या होत्या. मी म्हणालो होतो, अर्ज कशाला, खेटे कशाला, नकाशा समोरच आहे. आणि बोट ठेवून दाखवलं होतं. नकाशा बरोबरच होता. जागा मात्र मी पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी घरी बायकोला, विनीताला, मोठ्या कौतुकाने सांगितलंही, आज एका बाईचं काम पाच मिनिटांत केलं.

अर्ज घेतला असता तर आज त्यांच्या हातात निदान आमच्या सहीशिक्क्याचा दाखला असता. माझ्या उपकाराने तोही गेला.

दयानंदने मला बाजूला घेतलं. "साहेब, अनधिकृत बांधकाम लिहू अन् मोकळं होऊ. रिटायरमेंटला दोन महिने राहिलेत तुमच्या. कशाला अंगाला लावून घेता?"

तो खोटं बोलत नव्हता. बांधकाम अनधिकृत होतंच.

मी बाहेरच्या पायरीवर बसून पंचनामा लिहिला आणि खाली चार ओळी वाढवल्या. या महिलेने बांधकामाआधी आमच्या कार्यालयात चौकशी केली होती. मी, रेणुकादास, आरेखक, जागा न पाहता रस्ता नाही असे तोंडी सांगितले. लेखी अर्ज मीच घेतला नाही. तिला भरपाई मिळावी. मग खाली सही केली. मी काही शूर माणूस नाही.

बाईंना वाचून दाखवलं.

"ह्यानं किचन वाचंल का?"

"नाही. भरपाई मिळू शकेल. तीही नक्की सांगता येत नाही."

"आन तुमची पेन्शन?"

"चौकशी लागेल. अडकेल बहुतेक."

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या,

"तवाच अर्ज घ्यायला पायजे हुता, साहेब."

"हो," मी म्हणालो.

रेघ नेमकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येत होती. दयानंद गेरूचा ब्रश घेऊन घुटमळला, तेव्हा तो मी घेतला आणि गुडघ्यावर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. चौतीस वर्षांत इतकी सरळ रेघ माझ्या हातून क्वचितच आली असेल.

मी उठलो तरी बाई पुढच्या खोलीतच थांबल्या होत्या.

"ओलं हाय का अजून?"

"हो. पाचेक मिनिटं लागतील."

"मग जपून जाते. पाय लागून पुसलं तर तुमाला परत यावं लागंल."

त्यांनी लुगडं जरा वर धरलं, रेघ ओलांडली आणि त्या आत गेल्या.