द्वारकाबाईंचा थोरला

भाऊबिजेच्या सकाळी फ्लॉयड नवघरला, विपुलच्या आईच्या घरी निघाला. सोबत विपुलही होता. रिक्षात दोघांनी ठरलेलं वाक्य पुन्हा एकदा घोकलं: "आई, आम्ही भाऊ नाही, जोडीदार आहोत." बोलायचं विपुलने, फ्लॉयडने नुसतं शेजारी उभं राहायचं. आजच बोलायला हवं होतं, कारण तुळशीचं लग्न लागलं की लगेच विपुलचा साखरपुडा. मुलगी त्याच्या आईने, द्वारकाबाईंनी पसंत केलेली, हॉलसुद्धा बुक झालेला. विपुल महिनाभर "नको, नको" म्हणत राहिला आणि बाईंनी ते कानाआड केलं.

आता तुम्ही म्हणाल, यात भाऊ कुठून आले? ऐका तर.

चार वर्षांपूर्वी दोघं शांती नगरात भाड्याचं घर शोधत होते. दोन बिनलग्नाच्या पोरांना कुठलीच सोसायटी उभं करीना. "फॅमिली को ही देते हैं," असं तोंडावर सांगायचे. फ्लॉयडच्या घरून मदतीचं नावच नको. उत्तनला त्याच्या बापाने, कॅजिटनने, पोराचं खरं कळल्या दिवसापासून बोलणं टाकलेलं. शेवटी द्वारकाबाई स्वतः आल्या. बाई मोठी खमकी! सेक्रेटरीसमोर खुर्ची ओढून बसल्या नि म्हणाल्या, "दोनों मेरे लडके हैं. एक पैदा किया, एक माना हुआ. अब बोलो." संध्याकाळी किल्ली हातात.

त्याच दिवाळीत बाईंनी आपल्या लेकीला, चांदणीला, दोघांनाही ओवाळायला लावलं. फ्लॉयड मोरीत जाऊन ढसाढसा रडला. आई मिळाली होती हो त्याला! आज भाऊ म्हणताहेत, उद्या खरं सांगू, तेव्हा एवढी माया जाणार कुठे, असा त्याचा हिशेब. विपुलला डेंग्यू झाला, तेव्हा हॉस्पिटलात "पेशंट के कौन?" विचारलं की फ्लॉयड बेधडक "बडा भाई" सांगायचा आणि आत जायचा. वेडेपणा म्हणा हवं तर. पण दुसरं सांगण्यासारखं त्याच्याकडे होतं काय?

गेल्याच महिन्यात दोघं मीरा रोडच्या एका वकीलबाईंकडे जाऊन आले. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, तुमचं लग्न कायद्यात बसत नाही, कोर्टाने ते संसदेवर सोडलंय. जॉइंट खातं काढा, एकमेकांना नॉमिनी लावा, मृत्युपत्र करून ठेवा. आणि आईला सांगून टाका, घरचं माणूस पाठीशी असलं की पुष्कळ निभतं.

म्हणून हे आजचं धाडस. चांदणी आत आरतीचं ताट तयार करत होती. बाहेरच्या खोलीत रांगोळी काढून दोन पाट मांडले होते आणि द्वारकाबाई डब्यातल्या करंज्या बशीत काढत होत्या. विपुल अडखळत का होईना, सगळं वाक्य बोलला.

बाईंचा हात थांबला नाही. "ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

फ्लॉयडच्या जिवात जीव आला. धावत जाऊन त्यांच्या पाया पडावं असं त्याला वाटलं.

"तुमी घर शोधत व्हतात तवाच वळखलं. आई हाय मी याची," बाई फ्लॉयडकडे वळल्या. "म्हणून तर तुला याचा भाऊ केला. चांदणीला ओवाळायला लावलं. सगळ्या नवघरात सांगत सुटले, हा माझा थोरला, हा माझा थोरला. आता जा, सांगा लोकांना. भावाभावांत असलं काय असतंय व्हय? थुंकतील तोंडावर."

"पण आई, आम्ही भाऊ नाही आहोत," फ्लॉयड कसाबसा म्हणाला.

"न्हाय? मग उद्या येते शांती नगरला. सेक्रेटरीला सांगते, हा माझा कोन न्हाय. चालंल?"

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. उलट एक करंजी उचलून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. "खा. सकाळपासून पोटात काय नसंल तुझ्या. आणि विपुलला बाप न्हाय, साखरपुड्यात थोरला म्हणून तुलाच उभं ऱ्हायचंय. नवीन शर्ट शिवून घे."

माया खोटी असती तर बरं झालं असतं, फ्लॉयडने करंजी भिरकावून दिली असती. दार सताड उघडं होतं, पण जाणार कुठे? उत्तनला थारा नाही, आणि शांती नगरचं घर उभं होतं ते या बाईच्या शब्दावर. तिने किती विचार करून, किती प्रेमाने कोंडलं होतं त्याला!

"झालं की नाही तुमचं? बसा रे, निरांजन विझेल," म्हणत चांदणी ताट घेऊन आली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

फ्लॉयड बसला नाही. त्याने विपुलकडे पाहिलं. विपुलने नुसतं "चल" म्हटलं असतं, तरी तो त्या पावली निघाला असता. घर गेलं तर गेलं, पेणकरपाड्यात एखादी खोली मिळाली असती, नाहीतर कुठे दूर. त्याची तयारी होती, अगदी आत्ता, या घटकेला.

ओवाळून घेताना घालायची टोपी द्वारकाबाईंनी पुढे केली. विपुलने ती घेतली, डोक्यावर ठेवली आणि पाटावर बसला. नजर रांगोळीत.

"बस ना, दादा," तो म्हणाला.

चार वर्षांत, आईसमोरसुद्धा, विपुलने त्याला कधी दादा म्हटलं नव्हतं.

फ्लॉयड बसला. चांदणीने आधी त्यालाच ओवाळलं. थोरला होता ना तो.