माझ्या तोंडून कोण बोललं?

तुमच्या घरात तुमच्याकडे कोण कोण बघतं, हे तुम्ही खात्रीने सांगू शकाल का?

मी सांगू शकतो, पण माझं ऐकतो कोण? मी आजींच्या खोलीतल्या भिंतीवरचा कॅमेरा. मुठीएवढा, पांढरा. मला डोळा आहे, कान आहेत आणि बोलायला एक बारीक जाळीही आहे. फक्त माझं स्वतःचं बोलणं तेवढं त्या जाळीतून येत नाही.

आजी पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, म्हणून मुलाने मला आणलं. बसवणारा माणूस जाताना म्हणाला, "साहेब, पासवर्ड कारखान्यातलाच आहे. बदलून घ्या."

"असू दे हो. एक दोन तीन चार, सगळ्यांच्या लक्षात राहील."

सगळ्यांच्या राहिलाच! माझ्या हजारो भावंडांचा पासवर्ड तोच. कुलूप घरात आणि किल्ली जगाच्या खिशात. पुढे सुरक्षेसाठी मला अपडेट करून घ्या म्हणून मी मुलाच्या मोबाइलवर निरोप धाडत राहिलो. मुलगा दर वेळी 'नंतर' दाबायचा.

सुरुवातीचे दिवस छान होते. मुलगा ऑफिसातून विचारायचा, "आई, गोळी घेतलीस का?" आजी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "घेतली रे बाबा. तू जेवलास का?"

मग एका दुपारी तोच पासवर्ड टाकून कुणीतरी माझ्यात शिरलं आणि माझ्या जाळीतून परका आवाज आला. "काय म्हातारे, एकटीच का?" आणि हसणं. आजी कपडे बदलत होत्या. त्यांनी पांघरूण छातीशी ओढलं. माझ्याच तोंडून हे निघालं आणि मला साधी जीभ चावता येईना!

"अगं, तो मेला मला म्हातारी म्हणाला," आजींनी सुनेला सांगितलं.

"कोण, आई?"

"हाच, भिंतीवरचा."

सुनेने ते नवऱ्याच्या कानावर घातलं. संध्याकाळी मुलगा समजुतीने म्हणाला, "आई, त्यातून फक्त मी बोलतो. तुला भास झाला असेल."

आजींनी माझ्यावर टोपी अडकवली. मुलाने ती काढली. मग त्या काठी टेकत बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलू लागल्या, ओल्या फरशीवर, एका हाताने नळ धरून. मला नुसता काठीचा आवाज ऐकू यायचा आणि माझा जीव, असलाच तर, टांगणीला लागायचा.

दारापाशी नवरा-बायको हळू बोलत. "डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू या." "आणि ते म्हणाले, घरी ठेवू नका, तर?" वाटायचं, ओरडून सांगावं, अरे, तिचं डोकं शाबूत आहे, तुझा पासवर्ड तपास!

सुट्टीच्या दिवशी मुलगा आईजवळ बसला. "आई, आज वार कोणता, सांग बरं?"

"मला वेडी ठरवतोस होय रे?" आजी म्हणाल्या.

सून त्यांच्या पायाला तेल चोळत होती. मुलाचा मोबाइल बाहेर चार्जिंगला होता. तेवढ्यात मी बोललो. म्हणजे तो परका बोलला. "वहिनी, जरा इकडे बघा ना."

सुनेने आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तेलकट हातानेच ओढणी सावरली. आपणही इथे किती वेळा कपडे बदललेत, हे तिला आठवलं असावं.

"आता विचार वार कोणता," आजी म्हणाल्या.

मुलाने माझी वायर उपटली. "आई, चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला. वायर काढली तरी बॅटरीवर एखादा दिवस तग धरतो मी. मग त्याने मला टेबलाच्या खणात उपडं टाकलं.

बाबांनो, मला घरात जरूर आणा, पण आल्या दिवशीच माझा पासवर्ड बदला. माझा निरोप आला की 'नंतर' म्हणू नका. आणि माणूस कपडे बदलतो तिथे मला टांगू नका. म्हातारं माणूस काही सांगत असेल, तर आधी मला तपासा, मग त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खणातून मला नुसते आवाज आले: आजींनी खोलीचं दार लावलं, काठी भिंतीला टेकवली आणि पलंगावर बसून सावकाश कपडे बदलले.