वादळात डॉक्टरांची तपासणी

माझी भाची प्रश्न विचारून समोरच्याचं डोकं पोखरते, म्हणून आम्ही तिला भुंगा म्हणतो. समुद्राकाठच्या हॉटेलात आल्यापासून मात्र भुंग्याच्या तोंडाला कुलूप होतं. ताईने सोबत आणलेले पाहुणे दातांचे डॉक्टर होते, आणि भुंग्याचा एक दात हलत होता.

भावोजी गेल्यानंतर ताईला पहिल्यांदाच कुणीतरी आवडलं होतं. पण तिने मला निक्षून सांगितलं होतं, "सुट्टी संपेपर्यंत पोरीने त्यांना आपलं मानलं तर ठीक. नाहीतर हा विषय मी कायमचा संपवणार." डॉक्टरांचा जीव टांगणीला. बिचाऱ्यांनी वाळूचे किल्ले केले, आइस्क्रीम आणलं. भुंगा ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवायची. आइस्क्रीमला नाही म्हणणारं मूल मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

त्यात चक्रीवादळ आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय!

मॅनेजरने भर दुपारी आम्हाला चादरी-टॉवेल ठेवायच्या बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. थोड्या वेळाने वीज गेली. वाऱ्याने दार चौकटीत खडखडत होतं. मी टॉर्च लावला, तर टॉवेलांच्या ढिगाला टेकलेले डॉक्टर पांढरेफटक पडले होते आणि त्यांचे दात कडकड वाजत होते.

"थंडी वाजतेय का?" ताईने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

छतावर काहीतरी धाडकन आपटलं, तशी त्यांनी डोळेच मिटून घेतले. ताई ओशाळली. मला वाटलं, संपलं! पोरीसमोरच हा माणूस गळाठला. पण भुंगा सरकत सरकत त्यांच्यापुढे जाऊन बसली.

"काका, तुम्ही घाबरलात?"

"हो. खूप."

"मोठी माणसं घाबरतात?"

"मी तरी घाबरतो, बाई."

हे तिला नवीन होतं. आमच्या घरात मोठ्यांना कशाचीच भीती वाटत नाही, निदान पोरांसमोर तरी. तिने माझ्या हातातला टॉर्च ओढून घेतला.

"आ करा."

डॉक्टरांनी निमूटपणे आ केला. भुंग्याने आत उजेड पाडून सगळे कानेकोपरे धुंडाळले.

"अगं मावशी, यांना इथे दातच नाही! कुणी काढला?"

"माझ्या आईने. तीही दातांचीच डॉक्टर होती."

"दुखलं?"

"तिलाच जास्त. मी तिच्या बोटाला चावलो ना!"

भुंगा खो खो हसली आणि मग सुरूच झाली. रक्त आलं का, आई ओरडली का, काढलेल्या दाताचं काय केलं? डॉक्टर एकेक उत्तर देत गेले. त्यांची कडकड कधी थांबली ते कुणाला कळलंही नाही.

संध्याकाळी वारा पडला. हॉटेलचे पत्रे पोहण्याच्या तलावात जाऊन पडले होते, पण माणसं सगळी सुखरूप होती. सुट्टीचे मात्र बारा वाजले. आम्ही सामान आवरायला घेतलं. डॉक्टर त्यांच्या खोलीत गेलेले पाहून ताईने हळूच विषय काढला.

"काय गं, काका कसे वाटले तुला?"

भुंग्याने उलट विचारलं, "त्यांच्या घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही. एकटेच राहतात."

"मग घाबरले की कुणाला सांगतात?"

ताईचे डोळे भरून आले. भावोजी गेल्यापासून तीही कुणाला काही सांगत नव्हती, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"आई," भुंगा म्हणाली, "त्यांना आपल्याकडेच ने ना."