ओवरीतल्या वाती

वात आज एकसारखी उतरत होती. गेल्या बाजाराच्या दिवशी अनुसयेच्या हातून मधेच जाड, मधेच दोरा... आज मात्र थेट समईत घालावी अशी — आणि नेमकं तेच पार्वतीबाईंना खटकलं.

बायकांचं दुःख ऐकायचं हे काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कळमनुरीच्या या देवळात पूजा नवऱ्याची, वाती पार्वतीबाईंच्या. वाती वळायला बायका ओवरीत बसत, आणि हात गुंतले की तोंड सुटतं एवढं त्यांच्या ध्यानात आलं. मग नियम होत गेले. तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचं. 'काहून', असं का झालं, ते विचारायचं नाही. बोलणारीचाच शेवटचा शब्द हळूच तिला परत द्यायचा. आणि 'देवाची मर्जी' तर मुळीच म्हणायचं नाही — पुजाऱ्याच्या बायकोनं! आमच्या ह्यांना कळलं तर नैवेद्य बंद करतील, माझा...

अनुसया डोंगरकडा गावची. पहिल्या बाजारी तिनं नुसता कापूस कुस्करला. दुसऱ्या बाजारी म्हणाली, वेचणीला जाताना लेकराला रोजच्यासारखी अफूची गोळी चाटवली, झोपावं म्हणून — त्या दिवशी जरा मोठी, शेत लांबचं होतं. दिवस मावळला तरी झोळीतलं लेकरू उठलं नाही. सासरा म्हणाला, तापानं गेलं म्हण, नाहीतर ठाण्यातल्या अमीनसाहेबाच्या, फौजदाराच्या, कानावर जाईल.

"सगळ्याच देतात, काकू."

"सगळ्याच देतात," पार्वतीबाई नियमाप्रमाणे म्हणाल्या होत्या.

"मंग माहंच काहून?"

पार्वतीबाईंनी नवा कापूस तिच्यापुढे सरकवला होता.

आणि आज, अगदी सहज — "आता बरं वाटून राहिलं, काकू. पुढच्या बाजारी न्हाई येत मी."

साखरा गावची चतुराबाई, अशीच ओवरीत वाती वळायला येणारी, असंच म्हणाली होती. केवढी हुरळले होते मी — मीच, दुसरं कोण — तिची ओटी भरली, घरभर मिरवले की माझ्या ऐकण्यानं बाई बरी झाली... तिसऱ्या दिवशी तिला विहिरीतून काढलं. तिला बरं कशानं वाटत होतं ते विचारलंच नाही मी. मला ते ऐकायचं होतं, तिनं ते ऐकवलं. भली होती बिचारी.

"काकू, आज तुमचीच वात मधेच जाड होऊन राहिली की," अनुसया हसली.

पार्वतीबाईंनी नियम मोडून वर बघितलं. किती लहान तोंड होतं ते... "अनुसये, विहिरीचं मनात आलं का गं?"

हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचं कुणीतरी निघून गेलं.

"व्हय," ती म्हणाली. मग हातातली वात उलगडत, "कोनी इचारलंच न्हाई."

बाहेर डोंगरकड्याच्या गाड्यांना बैल जुंपले जात होते. सासऱ्यानं तिला हाक मारली, पुन्हा मारली. अनुसया उठली नाही. पार्वतीबाईंनी तिचं मनगट धरलं होतं, कधी धरलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि आता काय बोलावं... काही म्हणजे काही सुचेना. पण न सुचण्याची लाज मात्र, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, वाटत नव्हती.